दया पुरे, अभ्यास हवा

घरातला मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की पुढे काय, हा प्रश्न येतोच. बी.एड. करायचे, समाजकार्याकडे जायचे, स्पर्धा परीक्षा द्यायच्या, की सरळ नागपूर-पुण्याची वाट धरायची? अशा वेळी कुणी म्हटले, ‘मला अपंगत्व या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आहे’, तर वडीलधारे बहुधा विचारतील, ‘‘अपंगांची सेवा करायची तर कर बापा, चांगलंच आहे. पण त्याचं एम.ए. कशाला?’’

प्रश्न भाबडा आहे, पण चुकीचा नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण एका मुलीची कल्पना करू. समजा, आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात ती राहते. रोज एसटीने कॉलेजला जाते. हातपाय धड आहेत, डोळे-कान शाबूत आहेत. पण तिला सिकलसेलचा आजार आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारखा आकार घेतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग सांध्यांत, पाठीत, पोटात असह्य कळा सुरू होतात. दोन दिवस, चार दिवस, कधी आठवडाभर. नेमकी परीक्षा त्याच दिवसांत आली तर वर्ष जाते. लोक म्हणतात, ‘दिसायला तर चांगली आहे!’ ही मुलगी अपंग आहे का? कायदा काय म्हणतो? कॉलेजने तिच्यासाठी काय करायला हवे? आणि उद्या नोकरीच्या वेळी तिच्या वाट्याला काय येईल? या चार प्रश्नांची उत्तरे केवळ कळवळ्याने मिळत नाहीत. त्यासाठी कायदा, वैद्यक, शिक्षणशास्त्र, अर्थकारण आणि समाजाची रीत एकत्र वाचावी लागते. असे वाचायला शिकवणारी विद्याशाखा म्हणजे अपंगत्वाचा अभ्यास. धोरण, प्रत्यक्ष काम आणि समावेशन ही तिची तीन अंगे.

दोष पायात की पायऱ्यांत?

या अभ्यासाचा पहिला धडा दृष्टीचा आहे. चाकाच्या खुर्चीवर बसलेला माणूस तहसील कचेरीच्या पायऱ्यांपाशी अडला, तर तो का अडला? एक उत्तर असे, की त्याचे पाय चालत नाहीत म्हणून. दुसरे उत्तर असे, की इमारत बांधणाऱ्याने उतार केला नाही म्हणून. पहिल्या उत्तरात दोष माणसात आहे आणि इलाज डॉक्टरकडे. दुसऱ्या उत्तरात दोष रचनेत आहे आणि इलाज आपल्या सगळ्यांकडे. ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांच्या एका संघटनेने १९७६ मध्ये हे दुसरे उत्तर ठामपणे मांडले. पुढे मायकेल ऑलिव्हर या स्वतः अपंग असलेल्या प्राध्यापकाने १९८३ मध्ये त्याला ‘सामाजिक प्रारूप’ असे नाव दिले. तिथून हा विषय परदेशातल्या विद्यापीठांत रुजला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनेही समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात अपंगत्व अभ्यासाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आखला.

अर्थात, पायऱ्यांचा उतार केला म्हणून आपल्या मुलीच्या कळा थांबणार नाहीत. दुखणे खरे आहे, त्याला औषध लागतेच. म्हणून आजचे अभ्यासक दोन्ही बाजू धरून चालतात. शरीराचे दुखणे डॉक्टरने पाहावे आणि त्या दुखण्यामुळे जी दारे बंद होतात ती समाजाने उघडावीत. कोणते दार कशामुळे बंद झाले हे ओळखता येणे, ही या शिक्षणाची पहिली कसोटी.

शब्दांचेही तसेच आहे. आपण अपंग म्हणत होतो, विकलांग म्हणत होतो, गेली काही वर्षे सरकारी कागदांवर दिव्यांग हा शब्द आला आहे. काहींना त्यात सन्मान वाटतो. काहींना वाटते की नावात दिव्यत्व आले, पण बसच्या पायरीची उंची तीच राहिली. अभ्यास करणाऱ्याने दोन्ही बाजू ऐकाव्यात आणि ज्याला जे नाव हवे त्याने त्याला हाक मारावी.

वर्ध्याच्या मातीतला पाठ

हे सारे परदेशातून आलेले शास्त्र आहे असे कुणाला वाटेल. पण मित्रहो, आपल्या वर्धा जिल्ह्याने याचा एक मोठा पाठ फार पूर्वी गिरवला आहे. सेवाग्राम आश्रमात गेलात तर बापूकुटीच्या जवळच परचुरे कुटी दिसेल. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे पंडित. त्यांना कुष्ठरोग झाला. ज्या काळात अशा माणसाला गावाबाहेर काढत, त्या काळात गांधीजींनी त्यांना आपल्या शेजारी जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश केली. त्या आधीच, १९३६ मध्ये, विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले. तोवर देशात हे काम बहुतांशी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्याच हाती होते. आणि ज्यांनी पुढे १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन फुलवले, ते बाबा आमटे जन्मले आपल्याच हिंगणघाटला.

दत्तपूर आणि आनंदवन या वसाहती होत्या. समाजाने दार लावले, म्हणून या मंडळींनी रुग्णांसाठी नवे घर बांधले. त्या काळात ती फार मोठी गोष्ट होती. पण एक प्रश्न शिल्लक राहत होता. वसाहतीत येणारे शेकडो, आणि गावोगाव लपून राहिलेले हजारो. त्यांचे काय?

त्याचे उत्तरही वर्ध्यातूनच आले. गांधीजींच्या स्मृत्यर्थ १९५१ मध्ये कुष्ठकार्यासाठी जे प्रतिष्ठान स्थापन झाले, त्याचे मुख्य कार्यालय वर्ध्याला राहिले. डॉ. वार्देकर यांनी तेथे कामाची एक साधी पद्धत बसवली : सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार. घरोघरी जाऊन रुग्ण शोधायचे, गावाला रोगाची खरी माहिती द्यायची आणि रुग्णाला घरी ठेवूनच गोळ्या द्यायच्या. रुग्णाला गावाबाहेर नेण्याऐवजी दवाखाना गावात न्यायचा. देशाच्या कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने पुढे हीच वाट धरली. १९८० च्या दशकाच्या आरंभी अनेक औषधे एकत्र देण्याचा नवा उपचार देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाला, त्यांतही वर्धा होता.

नीट पाहिले तर अपंगत्वाच्या अभ्यासात आज जो प्रवास शिकवला जातो, तो सारा यात आहे. आधी बहिष्कार, मग वेगळी वसाहत, मग घरातच उपचार. आता राहिला शेवटचा टप्पा, बरोबरीच्या हक्काचा. आणि तिथे मात्र गाडी फार काळ रुतली.

औषध आले, कायदा मागे राहिला

कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो, हे ऐंशीच्या दशकातच सिद्ध झाले होते. पण इंग्रजांच्या काळातला १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा देशाच्या पुस्तकातून रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. जोडीदाराला कुष्ठरोग आहे या कारणावरून घटस्फोट मागण्याची तरतूद निघाली २०१९ मध्ये. मधल्या काळात, २००८ मध्ये, ओरिसातील एका निवडून आलेल्या नगरसेवकाचे पद कुष्ठरोगाच्या कारणावरून गेले आणि तो नियम सर्वोच्च न्यायालयानेही वैध ठरवला. माणूस बरा झाला, पण कायद्याच्या लेखी तो रोगीच राहिला.

यातून शिकायचे काय? एवढेच, की सेवा कितीही निष्ठेने केली तरी कायद्यातले एक वाक्य तिच्यावर पाणी फिरवू शकते. ते वाक्य शोधायला, त्याचा परिणाम पुराव्यासह दाखवायला आणि ते बदलून घ्यायला अभ्यासू माणसे लागतात. धोरणाचा अभ्यास तो हाच.

आपल्या देशात अपंगांसाठीचा पहिला व्यापक कायदा १९९५ मध्ये झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि २००७ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. त्या करारानुसार २०१६ मध्ये नवा कायदा झाला आणि प्रकार सातावरून एकवीस झाले. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, बुटकेपणा, अॅसिड हल्ल्याने आलेले अपंगत्व यांना वेगळी नावे मिळाली. आणि आपल्या विदर्भाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार यादीत आले.

म्हणजे आपल्या आर्वीच्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. होय, कायद्याने ती अपंग व्यक्ती ठरू शकते. वैद्यकीय मंडळाने चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व प्रमाणित केले, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील किमान पाच टक्के राखीव जागांसाठी ती पात्र आहे. वयोमर्यादेतही पाच वर्षांची सूट आहे. पदव्युत्तर शिक्षणाचे दार तिच्यासाठी कायद्याने उघडे आहे.

आता नोकरी. त्याच कायद्यात सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे. पण ते कलम नीट वाचा. त्यात अंध आणि अल्पदृष्टी आहेत, कर्णबधिर आहेत, हालचालीचे अपंगत्व आहे, कुष्ठरोगमुक्त आहेत, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आहेत. रक्ताचे आजार त्यात नाहीत. एकवीस प्रकारांच्या यादीत सिकलसेल आहे, शिक्षणाच्या आरक्षणात आहे, पण नोकरीच्या आरक्षणात त्याचे नाव नाही. आमच्या मुलीला एम.ए.ची जागा मिळेल; त्यानंतरच्या नोकरीच्या आरक्षणात तिच्या अपंगत्वाचा विचार होणार नाही.

हे योग्य की अयोग्य, यावर दोन मते असू शकतील. पण हा प्रश्न ज्यांच्या घरात आहे, ती माणसे मोठ्या संख्येने विदर्भात, मध्य भारतातल्या आदिवासी, दलित आणि मागास समाजांत आहेत. हा प्रश्न पुराव्यानिशी कुणी मांडायचा? शाळा-कॉलेजचे किती दिवस बुडतात, किती जण परीक्षेला मुकतात, मालक कामावर का ठेवत नाहीत, हे गावोगाव जाऊन कुणी नोंदवायचे? दिल्लीत बसलेल्या अधिकाऱ्याला हे दिसत नाही. वर्ध्यात बसलेल्या विद्यार्थ्याला दिसते. पदव्युत्तर शिक्षणातला प्रबंध म्हणजे दुसरे काय असते?

वाजवी सोय म्हणजे काय?

तिसरा प्रश्न कॉलेजचा. नव्या कायद्याने एक फार उपयोगाची कल्पना आणली आहे, ती म्हणजे ‘वाजवी सोय’. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने भाग घेता यावा म्हणून, फार मोठा बोजा न पडता, जो बदल करणे शक्य आहे तो करणे. अंध विद्यार्थ्याला लेखनिक, कर्णबधिर विद्यार्थ्याला खाणाखुणांच्या भाषेचा दुभाषा, हळू लिहिणाऱ्याला जादा वेळ. सिकलसेलच्या विद्यार्थिनीसाठी ती सोय कोणती? हजेरीत सवलत, वर्गात पाण्याची बाटली ठेवण्याची मुभा, थंडीत वर जाऊन बसण्याऐवजी तळमजल्यावरची उबदार खोली, कळा आल्या तर पुन्हा परीक्षा देण्याची संधी. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. लागते ते आधी विचारण्याचे भान.

यासाठी चाळीस टक्क्यांचा दाखला हवाच असेही नाही. लिहिताना हाताला गोळे येणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले, की लेखनिकाची सोय केवळ चाळीस टक्क्यांच्या अटीवर नाकारता येणार नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये वैद्यकीय प्रवेशाबाबत त्याच न्यायालयाने सांगितले, की टक्केवारीचा आकडा पाहून विद्यार्थ्याला अपात्र ठरवू नका; तो अभ्यासक्रम त्याला पार पाडता येईल का, हे पाहा. आकड्याकडून माणसाकडे वळण्याचा हा प्रवास आहे.

कागद आणि गाव

धोरण झाले, आता प्रत्यक्ष काम. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणासाठी खर्च करावी असा नियम आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही काढले. कागद तयार आहे. पण तुमच्या गावात अपंगांची यादी आहे का? ती शेवटची कधी तपासली? पाच टक्के म्हणजे नेमके किती रुपये आणि ते कुणाला मिळाले? या प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेत विचारून पाहा.

या विषयाच्या विद्यार्थ्याला असेच काम करावे लागते. एखादे गाव घ्यायचे, घरोघरी जायचे, आशाताई आणि अंगणवाडीताईंशी बोलायचे, कुणाकडे दाखला नाही आणि का नाही ते लिहून घ्यायचे. दाखल्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर रुग्णासोबत आणखी एकाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, कागद अपुरा पडला तर पुन्हा खेप. हा खर्च कुठल्याच अहवालात दिसत नाही. तो मांडला की दाखल्याचे शिबिर तालुक्याला का हवे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडे अशा कामाची परंपरा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत १९६९ पासून डॉक्टर घडवले जातात आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी तेथे राहून कुटुंबांची ओळख करून घेतात. अपंगत्वाच्या विद्यार्थ्यालाही हीच शिस्त लागते. फरक एवढाच, की त्याने नाडीबरोबर उंबरठ्याची उंचीही मोजायची, शौचालयाच्या दाराची रुंदीही पाहायची आणि शाळेच्या हजेरीपटावर कुणाचे नाव नाही तेही शोधायचे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतले सुमारे ६९ टक्के खेड्यांत राहत होते आणि साक्षर होते जेमतेम ५५ टक्के. महाराष्ट्रातली संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. त्या गणनेत सिकलसेलसाठी स्वतंत्र रकाना नव्हता आणि २०२१ मध्ये व्हायची जनगणना झालीच नाही. ज्यांची मोजदाद नाही त्यांच्यासाठी तरतूद तरी कशी होणार?

सोबत बसणे आणि सामील होणे

तिसरे अंग समावेशनाचे. वेगळ्या शाळेत शिकवणे ही एक पायरी. नेहमीच्या शाळेत नाव घालणे ही दुसरी. पण मूल वर्गात मागच्या बाकावर बसले आणि त्याच्या हाती काहीच लागले नाही, तर ते हजर झाले, सामील झाले नाही. समावेशन म्हणजे वर्गाने, शिक्षकाने आणि परीक्षेने आपली पद्धत बदलणे. १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत नई तालीमचा विचार पुढे आला. हाताने काम करत शिकावे, हा त्याचा गाभा. सूत कातणारे, बागकाम करणारे मूल एकाच वेगाने, एकाच पुस्तकातून शिकलेच पाहिजे असे त्यात नाही. सगळ्या प्रकारच्या मुलांना सामावणारी शाळा कशी असावी, याचा विचार करणाऱ्याने तो जरूर वाचावा.

आणखी एक गोष्ट. अपंगांविषयीचे निर्णय अपंगांना वगळून घेऊ नयेत, असा या चळवळीचा जगभरचा आग्रह आहे. म्हणून या वर्गात अपंग विद्यार्थी केवळ अभ्यासाचा विषय असून चालणार नाहीत. ते विद्यार्थी हवेत, शिक्षक हवेत, संशोधक हवेत.

कुणी, कुठे शिकावे?

समाजकार्य, शिक्षणशास्त्र, कायदा, भौतिकोपचार, परिचर्या, वास्तुशास्त्र, पत्रकारिता यांपैकी कुठल्याही वाटेने या विषयाकडे येता येते. विशेष शिक्षक किंवा पुनर्वसन तज्ज्ञ व्हायचे असेल, तर भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम निवडावा. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते आणि तिच्या नोंदणीशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. मुंबईत कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नागपूरला तिचे प्रादेशिक केंद्र आहे. वर्ध्यात हिंदी विद्यापीठात समाजकार्याचे, सेवाग्रामला सामुदायिक आरोग्याचे, सावंगीला भौतिकोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. यातल्या प्रत्येक ठिकाणी अपंगत्व हा प्रबंधाचा विषय घेता येतो. प्रवेश घेण्याआधी मात्र तीन गोष्टी विचारा : क्षेत्रकार्य किती दिवसांचे? शिकवणाऱ्यांत अपंग व्यक्ती आहेत का? आणि ग्रंथालयात चाकाची खुर्ची जाते का? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून पहिल्या दोन्हींचा अंदाज येईल.

आपल्या आर्वीच्या मुलीकडे परत येऊ. ती पदवीधर झाली, प्रमाणपत्र मिळाले आणि तिने याच विषयाला प्रवेश घेतला असे समजू या. प्रबंधासाठी तिने आपल्याच तालुक्यातली दहा गावे निवडली. ज्या दारावर ती स्वतः अडली होती, त्याच दारांची नोंद ती करत आहे. तिच्या वहीतली ती पाने कधी ग्रामसभेत वाचली जातील, कधी जिल्हा परिषदेत, कधी न्यायालयातही. नोकरीच्या कलमात सिकलसेलचे नाव येईल की नाही, हे आज सांगता येत नाही. पण ते यावे की नाही याची चर्चा तरी अंदाजाने होणार नाही; ती तिच्या वहीवरून होईल.

परचुरेशास्त्रींच्या कुटीपासून सुरू झालेली वाट तिथपर्यंत गेली, तर वडीलधाऱ्यांच्या ‘त्याचं एम.ए. कशाला’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याला वेगळे द्यावे लागणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)